एकास पंचवीस

जुलै महिन्यात कोयनानगरात निवृत्त माणसाने करायचं काय, हा प्रश्न पेन्शनच्या कागदपत्रांत कुठेच विचारलेला नसतो. बाहेर पाऊस. इतर गावांत पाऊस येतो आणि जातो, आमच्याकडे तो बिऱ्हाड घेऊन राहायला येतो. वर्षाला पाच हजार मिलीमीटर हा आकडा ऐकून पुण्याची माणसं डोळे विस्फारतात. आमच्या शेजारचं नवजा तोच आकडा ऐकून जांभई देतं. कपडे वाळत नाहीत, पापड कुरकुरायचं विसरतात, काडेपेटीतली काडी ओढली की गूल तेवढा बोटाला लागतो. अशा दिवसांत कुणी पोथी लावतं, कुणी धरणाचे दरवाजे आज किती फुटांनी उचलले यावर संध्याकाळ काढतं. मी मोटार बांधायला घेतली.

मोटार वीतभराची. एकास पंचवीस.

पाटबंधारे खात्यात मी आरेखक होतो. आडव्यातिडव्या पसरलेल्या गोष्टी लहान करून कागदावर बसवायच्या, हाच जन्मभराचा धंदा. त्यामुळे प्रमाण हा माझा जिव्हाळ्याचा, आणि घरच्यांच्या मते डोक्याला ताप देणारा विषय. आमचं धरण १०३ मीटर उंच आणि ८०७ मीटर लांब. एकास पंचवीस केलं तर चार मीटरांहून थोडं उंच आणि बत्तीस मीटर लांब होईल. अंगणात मावणार नाही, पण शाळेच्या मैदानात बसेल. पाऊस एकास पंचवीस केला तर वर्षाला दोनशे मिलीमीटर. त्याला माणदेशसुद्धा नाक मुरडेल. माझी पेन्शन आधीच त्या प्रमाणात आहे, असं सौभाग्यवतींचं निरीक्षण आहे.

या उद्योगाला सुरुवात भाच्यामुळे झाली. तो डेट्रॉइटजवळ असतो. तिकडून येताना लोक बदाम आणि परफ्यूम आणतात. याने प्लास्टिकच्या मोटारींच्या किटचे तीन उघडलेले डबे आणले. तिकडच्या जुन्या बाजारात ढिगाने मिळाले म्हणे. "मामा, तुम्हाला स्केलचं वेड ना? घ्या." पहिल्या डब्यात इंजिन नव्हतं. दुसऱ्यात इंजिन होतं, पण बॉडीचा पत्ता नाही. तिसऱ्यात फक्त झाकणावरचं चित्र संपूर्ण होतं. बाकीचे भाग सांगलीच्या द्राक्षांसारखे प्लास्टिकच्या काड्यांना घोसाने लटकलेले. काही घोस तोडलेले, काही चाखून टाकलेले.

"तिकडे पुरी वस्तू मिळत नाही का?" सौ.ने विचारलं.

"मामी, हॉट रॉड करायची असेल तर पुरी वस्तू नकोच असते," भाचा म्हणाला.

हॉट रॉड म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. आमच्या न्हाणीघरातला पाणी तापवायचा रॉड गेली दोन वर्षं झटके देतो. नवा आला असं समजून ती बादली घेऊन आलीसुद्धा. तो गैरसमज मी दूर केला. दूर केल्याबद्दल मला आजतागायत क्षमा मिळालेली नाही.

तर हॉट रॉड म्हणजे काय? हेन्री फोर्डने १९३२ साली स्वस्तातल्या मोटारीत व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. ताकद ६५ अश्वशक्ती. त्या काळी सामान्य माणसाच्या खिशाला परवडणाऱ्या गाडीत ही चैनच. पुढे या गाड्या जुन्या होऊन भंगारच्या भावात मिळू लागल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती पडल्या. पोरांकडे पैसे नव्हते, वेळ होता आणि जवळ कोरडी पडलेली सपाट तळी होती. त्यांनी मडगार्ड काढली, बंपर काढले, बॉनेट काढलं. जे जे काढून गाडी चालते ते सगळं काढलं. एका गाडीची चासी, दुसरीची बॉडी, तिसरीचं इंजिन असं जुळवून ती तळ्यांवर पळवली. पळवण्यातही शिस्त आणली: १९३७ साली तिथल्या क्लबांनी मिळून शर्यतींची संघटना काढली, आणि जानेवारी १९४८ मध्ये या वेडाला वाहिलेलं 'हॉट रॉड' नावाचं मासिकही निघालं. कोरडं तळं पाहून त्या लोकांना शर्यत सुचली. आमच्या धरणाच्या जलाशयाचा, शिवसागराचा, तळ दिसू लागला तर मंत्र्यांचा दौरा आणि भारनियमन, या दोनच गोष्टी सुचतात.

आता यात 'पारंपरिक' हॉट रॉड हा एक सोवळा संप्रदाय आहे. नंतरच्या काळातला एकही भाग चालत नाही. चाकं पत्र्याची हवीत, टायर बारीक आणि उंच, इंजिन जुन्या घडणीचं, पुढचा एक्सल सरळसोट दांडा. थोडक्यात, १९४८ साली गरीब पोराला जे मिळालं असतं तेच वापरायचं. त्या पोरांनी हाताला येईल ते लावलं, आणि आज पंचाहत्तर वर्षांनी त्यांच्या भाविकांना एखादा बोल्ट चुकीच्या सालातला निघाला तर झोप लागत नाही. आमच्याकडे नाही का, आजीने घरात गूळ संपला म्हणून साखर घातली, आणि आता तिसरी पिढी सांगते की आमच्या घराण्यात साखरच घालतात.

मिसळलेल्या भागांची ही चाल किटच्या दुनियेत कशी रुजली, तेही मौजेचं आहे. अमेरिकेतल्या एएमटी कंपनीने १९५८ पासून एका डब्यात तीन गाड्यांची सोय केली: कारखान्यातून निघते तशी, हौसेने सजवलेली आणि शर्यतीची. बॉडी मात्र एकच. म्हणजे गाडी एक व्हायची आणि दोन गाड्यांचं सामान उरायचं. ते उरलेलं सामान पोरं बिस्किटाच्या डब्यात साठवत. हा डबा मी लगेच ओळखला. आमच्या कपाटावर तो गेली चाळीस वर्षं आहे. त्यात शर्टाची बटणं, कुठल्याशा कुलपाची किल्ली, नळाचे वायसर, तुटक्या छत्रीची काडी आणि एक दात आहे. दात कुणाचा, हे कुणी विचारत नाही. "असू दे, लागेल कधीतरी" या मंत्राने भारलेला तो डबा. मोटार बांधायला घेतल्यावर त्याला पहिल्यांदाच खरं काम मिळालं. रिकामी रिफिल कापून सायलेन्सरचे पाइप झाले. राखीवरच्या टिकल्या हेडलाइटच्या काचा झाल्या. वायरीतला तांब्याचा बारीक तंतू प्लगाच्या वायरी झाला. उदबत्तीच्या काड्या एकमेकींना चिकटवून सीटवर त्या काळच्या गादीच्या चुण्या काढल्या. गाडीत डोकं घातलं तर अजून मोगऱ्याचा वास येतो.

पण खरं दुखणं निघालं प्रमाणाचं. दोन डबे एकास पंचवीस आणि एक एकास चोवीस! सामान्य माणसाला यात काही वाटणार नाही, आरेखकाला वाटतं. बत्तीसच्या फोर्डचा पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचा पल्ला १०६ इंच. एकास पंचवीसमध्ये तो जवळजवळ १०८ मिलीमीटर येतो, एकास चोवीसमध्ये ११२. चार-साडेचार मिलीमीटरांचा फरक, म्हणजे खऱ्या गाडीत चार-साडेचार इंच. खात्यात एवढी चूक केली असती तर साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं असतं. साहेबांनी चष्मा काढणं ही आमच्याकडची सर्वोच्च शिक्षा होती.

माझं इंजिन नेमकं एकास चोवीसचं. बॉडी पंचवीसची. बसेना. दोन रात्री मी ते इंजिन कानसून बारीक करायचा प्रयत्न केला. मग लक्षात आलं, त्या कॅलिफोर्नियातल्या पोरांचंही इंजिन बसत नव्हतंच. त्यांनी इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधला पडदा कापून इंजिन मागे सारलं होतं. मीही कापला. आता ड्रायव्हरला पाय ठेवायला जागा नाही, पण ड्रायव्हर तरी कुठे आहे? चाकांच्या बाबतीत तर चुकीनेच तारलं. हॉट रॉडची मागची चाकं मोठी आणि पुढची लहान हवीत, म्हणजे गाडी उतारावर दबा धरून बसल्यासारखी दिसते. मागे चोवीसची लावली, पुढे पंचवीसची. जन्मात पहिल्यांदा दोन प्रमाणं एका नकाशात घातली आणि कुणी मेमो दिला नाही. त्या रात्री मला थोडा तापही आला, पण तो हवामानामुळे असावा.

मग छत. हॉट रॉडचं छत कापून बुटकं करायचं असतं. तीन इंच कापायचं ठरवलं. माझ्या मापात तीन मिलीमीटर. वाटलं, चार खांब कापायचे, तीन मिलीमीटरची चकती काढायची, छत खाली बसवायचं, चहा प्यायचा. प्रत्यक्षात खांब तिरके असतात. मधला तुकडा काढला की वरचे खांब खालच्या खांबांवर येतच नाहीत; पुढचे जुळवावेत तर मागचे हवेत, मागचे जुळवावेत तर पुढचे. छत मधोमध कापून लांब करावं लागतं किंवा खांब वाकवावे लागतात. जमिनीच्या वाटणीत भावाभावांचे बांध जसे कागदावर जुळतात आणि शेतात जुळत नाहीत, तसा प्रकार. शेवटी लांबी भरली. लांबी म्हणजे रंगाऱ्याची, फटी बुजवायची. त्या छतात आता प्लास्टिक किती आणि लांबी किती, हे मी सांगणार नाही. सरकारी कामाचा अनुभव उपयोगी पडतो तो असा.

चिकटवण्याच्या बाबतीत मात्र कोयनानगरासारखी जागा नाही. चटकन चिकटवणारा जो गोंद मिळतो ना, तो हवेतल्या दमटपणानेच घट्ट होतो. आमच्याकडे तो नळीतून बाहेर यायच्या आधीच कुणाला तरी चिकटलेला असतो. एकदा माझं बोट चासीला चिकटलं ते जेवणाची वेळ झाली तरी सुटेना. वरण-भात डाव्या हाताने जेवलो. शिवाय त्याची वाफ काचेवर बसते आणि काच पांढुरकी होते. माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर कुंभार्ली घाटातलं धुकं कायमचं उतरलेलं आहे. पाहुण्यांना मी ते मुद्दाम केलं असं सांगतो.

बारीक भाग हरवणं हा या छंदाचा दुसरा धर्म. चिमट्यातून सुटलेली वस्तू कुठे जाते ते भौतिकशास्त्रालाही उलगडलेलं नाही. आमच्याकडे जमीन अधूनमधून अंग झटकते. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटे तिने जे केलं ते पाहिलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि त्याबद्दल हसत काही लिहिता येणार नाही. मी म्हणतोय ते त्यानंतरचे बारीक धक्के, भांडी किणकिणतात, शेजारी "जाणवला का?" म्हणून हाका मारतात आणि पुन्हा फोडणी सुरू होते. तर हेडलाइट हरवला की मी "धक्का बसला" म्हणायला लागलो. एका आठवड्यात आमच्या बाहेरच्या खोलीत अकरा भूकंप झाले. एकाचीही नोंद वेधशाळेत नाही. "आजचा किती रिश्टर?" असं सौ. स्वयंपाकघरातूनच विचारते, आणि मी पलंगाखालून उत्तर देतो.

रंगाची कथा आणखी करुण आहे. पावसाळी हवेत फवाऱ्याचा रंग मारू नये असं डब्यावर छापलेलं असतं. आमच्याकडे मग रंग मारायचा तो एप्रिलमध्ये. मला धीर कुठला! काळाभोर चकचकीत रंग मारला. पाच मिनिटांत गाडीला कोड फुटल्यासारखे पांढरे पट्टे आले. होतं असं की रंगातला थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प थेट ओल्या रंगात उतरतं. पुन्हा घासली, पुन्हा मारली, पुन्हा पांढरी. तिसऱ्या वेळी तांदळाच्या रिकाम्या डब्यात बल्ब लावून गाडी आत शेकायला ठेवली. त्याच वेळी कुठेतरी तारेवर झाड पडलं आणि दिवे गेले. अख्ख्या महाराष्ट्राला उजेड देणाऱ्या धरणाच्या पायथ्याशी मेणबत्ती लावून मी त्या डब्याकडे पाहत बसलो. दिव्याखाली अंधार ही म्हण ज्याने काढली, त्याचं सासर बहुधा आमच्याकडचं असावं.

त्या काळोखात भाच्याचा फोन लागला. तो म्हणाला, "मामा, रंग कशाला? तिकडची पोरं नुसत्या प्रायमरवर गाड्या फिरवायची. रंगाला पैसे पुरायचे नाहीत. तेच खरं पारंपरिक." मी तत्काळ सगळा रंग खरवडला आणि करड्या प्रायमरवर थांबलो.

राहिला गंज. जुनाट दिसावी म्हणून लोक प्लास्टिकवर गंज रंगवतात. त्यासाठी परदेशात गंजाच्या रंगाची पूड चिमूटभर बाटलीत भरून विकतात, हे ऐकून मी थोडा वेळ उभाच राहिलो. गंज! विकत! आमच्या फाटकाच्या बिजागरीखाली रोज सकाळी ती पूड झाडून काढावी लागते. मी चहाची गाळणी घेतली, बिजागरी खरवडली, गाळली आणि ब्रशने खालच्या कडांना, पाट्यांना, सायलेन्सरला लावली. अगदी अस्सल. माझ्या गाडीवर रंगवलेला गंज नाही, खराखुरा सह्याद्रीचा गंज आहे. गाळणी मात्र नवी आणावी लागली.

गाडी झाली तेव्हा ती हेळवाकच्या गॅरेजवाल्याला दाखवायला नेली. जाणत्याचं मत घ्यावं. त्याने हात पुसले, गाडी तळव्यावर घेतली, उलटी केली. खालून बघणारा माणूस पाहिला की मला भरून येतं.

"सायेब, मडगार्ड?"

"काढलेत. वजन कमी व्हायला."

"आन् पाऊस?"

"तिकडे नसतो."

"मग ठीक. हितं ही गाडी घाट उतरायच्या आत डायवरच्या तोंडात अर्धा घाट जाईल." पुन्हा उलटी करून म्हणाला, "पुढचं ब्रेक?"

त्या जुन्या गाड्यांत काहींनी पुढचे ब्रेकही काढले होते, असं मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कराडला पासिंगला नेऊ नका. एमएच पन्नास न्हाई मिळायचा."

आणि मग त्याने सहज विचारलं, "देवराष्ट्र्याच्या लोहारांची गाडी बघितली का?"

बघितली नव्हती, वाचलं होतं. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव असलेलं देवराष्ट्रे, कडेगाव तालुका. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी जुन्या गाड्यांच्या सामानातून एक छोटी जीप बांधली. खर्च साधारण साठ हजार. दुचाकीसारखी किक मारली की सुरू होणारी चारचाकी. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत आनंद महिंद्रांच्या नजरेला पडली. ही नियमांत बसणारी नाही, पण करामत मानली पाहिजे, असं त्यांनी जाहीर सांगितलं आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीसुद्धा, आणि लोहारांची जीप कंपनीने आपल्याकडे ठेवायला नेली.

परतताना मी गाडी शर्टाच्या खिशात ठेवली होती आणि डोक्यात हिशेब चालला होता. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी केलं तेच कराडच्या पलीकडे एका माणसाने केलं. मासिक न वाचता, संप्रदायाचं नाव न ऐकता. त्याला पारंपरिक भाग शोधावे लागले नाहीत, जे मिळाले तेच पारंपरिक. त्याची गाडी पोराला बसवून गावातून फिरली. मी चार महिने घालवून गरिबीची एकास पंचवीस नक्कल केली, आणि तीही परदेशी सामानातून. सौ.ला विचारलं, "माझ्या गाडीच्या बदल्यात काय मिळेल?" ती म्हणाली, "पोहे. तेही खोबरं न घालता."

दिवाळीला मुलीची मुलं कराडहून आली. आली तशी चिखल कालवून किल्ला करायला लागली. आमच्याकडे प्रमाण शिकवण्याची ही पहिली शाळा, आणि तिथेच ते सगळ्यात आधी सोडून दिलेलं असतं. महाराज बुरुजाच्या दुप्पट उंच, मावळे हत्तीच्या बरोबरीचे, तटावर अळीव पेरलेला, पायथ्याला प्लास्टिकचा वाघ, शेजारी गेल्या वर्षीचा विमानतळ. लहानपणी मीही असाच किल्ला केला होता, आणि त्यात दगडी पाट्यावरचा वरवंटा तोफ म्हणून ठेवला होता. चोवीस आणि पंचवीसचा फरक तेव्हा कुठे होता?

"आजोबा, गाडी द्या ना किल्ल्यावर."

माझा हात कपाटाकडे गेला आणि तिथेच थांबला. चार महिने. कापलेलं छत. अस्सल गंज. पण नातू हात पसरून उभा होता, आणि त्या हातांना पार कोपरापर्यंत चिखल होता.

दिली.

अर्ध्या तासाने पाहायला गेलो. मावळा आत बसेना म्हणून नातवाने तक्रार केली: "आजोबा, छत एवढं खाली का केलंत? पागोटं अडकतं." पण त्याने त्यावर तोड काढली होती. दोन मावळे इंजिनावर, एक टपावर, दोघे मागच्या मोठ्या चाकांवर पाय देऊन लोंबकळलेले, आणि एक नुसताच भाला गाडीत खोचून बाहेर पळणारा. चिखलाच्या घाटातून ती वरवर ढकलत नातू ओरडत होता, "चला, पाटण, पाटण, कराड! दोन शिटा हायेत, चला!"

वडाप झाली होती. नातीने टपावरचा मावळा उचलला आणि तिथे स्वतः महाराजांनाच बसवावं का, यावर दोघांचं भांडण लागलं. मी खाली बसून मागचं एक चाक सरळ केलं. एकास चोवीसचं होतं ते. वाघ त्याच्या दीडपट होता.